तरुण संघाची किल्ली कोणाकडे?

नाताळ पंधरा दिवसांवर आला की मराठी ख्रिस्ती मंडळीत तरुणांची वाण नसते. कॅरोल पार्टी रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरते, चर्चवर तारा चढतो, नाटिकेच्या तालमी रंगतात. जानेवारीत मात्र तरुण संघाच्या सभेला मोजकीच डोकी उरतात. दोष बहुधा मोबाइलला दिला जातो. पण मोबाइल डिसेंबरातही खिशात असतोच! फरक एवढाच, की डिसेंबरात मुलांच्या हाताला काम असतं आणि नंतर त्यांनी नुसतं बसून ऐकायचं असतं.

हा पेच जुना आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात पोर्टलंड शहरातल्या विलिस्टन चर्चचे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांच्यापुढेही तो होता. प्रार्थनासप्ताहानंतर बरीच मुलं श्रद्धेकडे वळली होती. आता ती टिकवायची कशी? २ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांनी मुलांना घरी बोलावलं आणि ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ संघाची प्रतिज्ञा पुढे ठेवली. प्रत्येक सभेला यायचं आणि गाण्याखेरीज आणखी काहीतरी स्वतः करायचं, मग ती छोटी प्रार्थना असो की दोन वाक्यांची साक्ष. मुलांच्याच समित्या नेमल्या. एक प्रार्थनासभा सांभाळणारी, एक मेळमिलाफ घडवणारी, एक नव्यांना आणणारी आणि गैरहजर सभासदांची चौकशी करणारी. सोप्या करमणुकीऐवजी क्लार्क यांनी अवघड अट घातली, आणि तीच चळवळ देशोदेशी गेली. अहमदनगर परिसरात रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतही असे संघ निघाले.

कॅथलिक जगात जोसेफ कार्डिन या बेल्जियन धर्मगुरूंनी दुसऱ्या वाटेने हेच साधलं. शाळेतले सोबती गिरणीत गेले आणि चर्चपासून तुटले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. विसाव्या शतकाच्या विशीत त्यांनी तरुण कामगारांची संघटना उभारली. तिची रीत तीन पायऱ्यांची : पाहा, पारखा, कृती करा. आपल्या कामाच्या जागी काय चाललंय ते आधी पाहायचं, ते शुभवर्तमानाच्या कसोटीवर पारखायचं आणि उठण्यापूर्वी कोण काय करणार ते ठरवायचं. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१च्या परिपत्रकात ही रीत उचलून धरली. २०१८मध्ये तरुणांविषयी धर्मसभा भरली. त्यानंतरच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनीही तरुणांमधल्या कार्याचे कर्ते तरुणच असावेत, असं मांडलं.

आपल्या गावच्या मंडळीत याचा अर्थ काय? एक म्हणजे वयाचे गट वेगळे हवेत. नववीतला मुलगा आणि नोकरी शोधणारा पदवीधर यांचे प्रश्न एका चटईवर बसवले की दोघेही गप्प राहतात. दुसरं, महिन्यातली एक सभा तरी अशी असावी जिथे उपदेश नाही. पगार, प्रवेश परीक्षा, जातीवरून बसणारे टोमणे, आंतरधर्मीय लग्न यांवर कार्डिन यांच्या रीतीने मोकळी चर्चा व्हावी. तिसरं, संघाचा जमाखर्च मुलांनीच लिहावा आणि मंडळीच्या पंचांनी तो तपासावा. शंभर रुपयांचा हिशेब चोख ठेवणाऱ्याला पुढे मंडळीचा कारभार जड जात नाही. आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत शिबिर लावू नये. नाहीतर पालकांशी विनाकारण भांडण ओढवतं.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं गिटारवर हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात, तर मोठ्यांचा जीव ‘उपासना संगीत’मध्ये. भांडण्यापेक्षा कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांच्याकडे पाहावं. सांगळ्यांनी कीर्तन ख्रिस्ती केलं. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग-ओवीचा बाज उपासनेत आणला. त्यांच्या काळी तो नवाच प्रयोग होता. मग आज तोच अभंग मुलांनी गिटारवर बसवला तर परंपरा बुडते कशी?

एका बाबतीत मात्र मोकळीक नको. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत कोणीही मोठं माणूस बंद खोलीत एकटं नसावं. शिबिरात मुली असतील तर जबाबदार स्त्रिया हव्यातच. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकांच्या खोलीत आपसात मिटवणं हा मार्गच नाही.

मोठ्यांचं काम मग उरतं ते सोबतीचं. सभा फसली तरी ती ताब्यात न घेण्याचं, आणि फसली का ते नंतर शांतपणे विचारण्याचं. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेले अध्यक्ष ‘मुलं पुढे येत नाहीत’ म्हणून पद सोडत नाहीत, आणि ते पद सोडत नाहीत म्हणून मुलं पुढे येत नाहीत. हा फेरा अध्यक्षांनीच तोडायचा आहे. हॉलची किल्ली आणि हिशेबाची वही जानेवारीच्या पहिल्याच सभेत विशीतल्या सचिवाकडे द्यावी, आणि त्याने वर्षभर एका धाकट्याला हाताशी घेऊन काम शिकवावं, एवढीच अट घालावी.