समुद्रातले उबदार भोवरे

नदीला पूर आला की पाण्यात भोवरे फिरताना आपण पाहतो. काडी, पाने, फेस सारे गरगर फिरते. भोवरा माणसाला बुडवतो, म्हणून आपण त्याला भितो. पण समुद्रात असेही भोवरे आहेत, की जे थंड मुलखाला ऊब नेऊन पोचवतात. खरे वाटत नाही ना? मग ऐका.

युरोपच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ लोफोटेन नावाची बेटे आहेत. तिथे डिसेंबरात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. समुद्रापलीकडे, तितक्याच उत्तरेला, ग्रीनलंडचा किनारा आहे. तो हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. पण लोफोटेनचा समुद्र गोठत नाही. ऐन थंडीत तिथले कोळी होड्या घेऊन निघतात आणि कॉड नावाचे मासे धरतात. कोकणात बोंबील सुकवतात ना, तसे ते हे मासे लाकडी मांडवांवर सुकवतात. शेकडो वर्षे त्यांचे पोट या माशावर चालले आहे.

मग ही ऊब येते कुठून?

दक्षिणेकडून, अटलांटिक महासागरातून, कोमट आणि खारट पाण्याचा मोठा प्रवाह येतो. जणू समुद्रातली नदीच! ती नॉर्वेच्या कडेकडेने उत्तरेला जाते. पण आतल्या खोल समुद्राला ऊब कोण देणार? गावाजवळून पाट वाहिला, तरी घरात पाणी हवे तर घागर भरून आणावी लागते. समुद्रात हे घागरीचे काम भोवरे करतात.

लोफोटेनजवळ समुद्राचा तळ एकदम खोल उतरतो. तिथे प्रवाह डळमळतो, वळणे घेतो. एखादे वळण फार वाढले, की ते तुटून निराळे होते आणि स्वतःभोवती फिरू लागते. झाला भोवरा! हा काही नदीतल्यासारखा हातभर नसतो. तो ४०-५० किलोमीटर रुंद आणि शेकडो मीटर खोल असू शकतो. तो जहाज बुडवीत नाही. आपले पाणी घेऊन सावकाश पश्चिमेला सरकतो.

घागरीला भिंत असते. भोवऱ्याची भिंत म्हणजे त्याचे फिरणे. तो फिरत राहतो, म्हणून आतले पाणी बाहेरच्या थंड पाण्यात लवकर मिसळत नाही. त्यातली ऊब आणि मीठ कित्येक दिवस टिकते.

या समुद्राच्या मधोमध एक मोठा भोवरा कायमचा ठाण मांडून आहे. त्याचे कोमट पाणी १,००० मीटरच्याही खाली पोचते. दुसरे भोवरे येऊन त्याला मिळतात आणि त्याची शिदोरी भरत राहते. वाटीतला चहा लगेच निवतो, पण बंबातले पाणी उशिरा निवते. हा समुद्र तसाच एक मोठा बंब आहे. हिवाळ्यात तो आपली ऊब वाऱ्याला देत राहतो.

आता मिठाचे काम बघा. या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. मिठाचे पाणी जड असते. घरी करून पाहा: साध्या पाण्यात बटाटा बुडतो, पुष्कळ मीठ घातलेल्या पाण्यात तरंगतो. खारट पाणी थंड झाले की आणखी जड होते आणि खाली जाते. मग ते खोलातून हळूहळू दक्षिणेकडे परत वाहू लागते. वरून कोमट पाणी येते, खालून थंड पाणी जाते. रहाटगाडग्यासारखे हे चालू राहते.

कोळ्याचे पोट माशावर आणि माशाचे बस्तान पाण्याच्या उबेवर. समुद्र जास्त गरम झाला, तर कॉड आणखी उत्तरेला जाऊन अंडी घालतो. म्हणून शास्त्रज्ञ जहाजांतून आणि उपग्रहांवरून या भोवऱ्यांवर नजर ठेवतात. उबदार भोवऱ्याच्या जागी पाणी काही बोटे फुगलेले असते. तेवढ्यावरून उपग्रहाला तो ओळखू येतो.

पुढच्या पुरात भोवरा दिसला, तर लांबूनच पाहा. पण त्याचे हे दूरदेशीचे थोरले भाऊबंदही आठवा.