पोषग्रंथीची घडण आणि पश्चिम भारतातील एक आनुवंशिक पाठभेद

मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची असते. परंतु शरीराची वाढ, अवटू व अधिवृक्क या ग्रंथींचे कार्य आणि प्रजननक्षमता यांचे नियमन तिच्याकडेच असते. सस्तन प्राण्यांत ही ग्रंथी दोन भिन्न ऊतकांपासून घडते. तिचा पश्चखंड मेंदूच्या तळाचा विस्तार होय, तर अग्रखंड गर्भाच्या मुखाच्या छतापासून निघालेल्या पिशवीपासून बनतो. या पिशवीस राटके या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे.

पिशवीची ग्रंथी होण्याचे कार्य जनुकांच्या क्रमबद्ध साखळीने घडते. प्रारंभी हेस्एक्स-१, एलएचएक्स-३ व एलएचएक्स-४ ही जनुके पिशवीच्या रचनेस व वाढीस कारणीभूत होतात. त्यानंतर प्रॉप-१ कार्यरत होते व पुढे पिट-१ जागृत होते. प्रॉप-१ या नावाचा मूळ अर्थ ‘पिट-१ चा प्रेषित’ असा आहे. म्हणजे कार्याचा क्रम नावातच आलेला आहे. पिट-१ मुळे वृद्धी संप्रेरक, दुग्धजनक संप्रेरक व अवटू-उद्दीपक संप्रेरक स्रवणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी सिद्ध होतात. स्नेल याने १९२९ साली वर्णिलेल्या खुज्या उंदरांत हे तिन्ही प्रकार आढळत नाहीत. त्यामागे पिट-१ मधील दोष आहे, हे १९९० साली स्पष्ट झाले. प्रॉप-१ चा शोध १९९६ साली लागला.

पेशी सिद्ध झाल्या तरी त्यांची संख्या वाढावी लागते. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून येणारे एक संप्रेरक वृद्धी संप्रेरकाच्या पेशींना वाढण्याचा व स्रवण्याचा आदेश देते. तो स्वीकारणारा ग्राहक ‘जीएचआरएच-आर’ या जनुकापासून तयार होतो. ‘लिटल’ नावाच्या खुज्या उंदरांत हाच ग्राहक सदोष असल्याचे १९९३ साली आढळले.

माणसातील असाच दोष प्रथम १९९६ साली एका भारतीय कुटुंबात दिसून आला. ग्राहकाचे प्रथिन ४२३ अमिनो आम्लांचे असते. या कुटुंबात ७२ व्या स्थानी ‘जीएजी’ या अक्षरत्रयाऐवजी ‘टीएजी’ आले होते. एका अक्षराच्या या बदलाने शब्दाच्या जागी पूर्णविराम पडतो व वाक्य तेथेच तुटते. १९९८ साली सिंधमधील खुज्या व्यक्तींतही हाच दोष सापडला. पुढे मुंबईच्या बालरोगतज्ज्ञ मीना देसाई व जपानी संशोधक यांच्या सहकार्यातून २००४ व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी असे दाखविले की, पश्चिम भारतात कुटुंबात वारंवार दिसणाऱ्या वृद्धी संप्रेरकाच्या अभावाचे हे एक प्रमुख कारण आहे.

हा बदल अनेकदा स्वतंत्रपणे घडला, की एकाच पूर्वजाकडून पसरला? हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकास परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही पोथ्यांचे कुल ठरविण्यासाठी समान पाठभेदांचा आधार घ्यावा लागला. तथापि एकच चूक दोन लेखनिकांकडून स्वतंत्रपणेही होऊ शकते. म्हणून चुकीच्या आजूबाजूचे पाठही जुळतात की नाही हे पाहावे लागते. जनुकशास्त्रज्ञांनीही तेच केले. सदोष जनुकाशेजारच्या, पुनरावृत्त होणाऱ्या अक्षरयुग्मांची त्यांनी तुलना केली. ती जुळणारी आढळल्याने समान पूर्वजाचे अनुमान बळावले.

आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच विकार प्रकट होतो. त्यामुळे नात्यात विवाह होणाऱ्या कुटुंबांत तो अधिक आढळतो. अशा मुलाचे शरीर प्रमाणबद्ध व बुद्धी सामान्य असते, केवळ उंची खुंटते. १९८५ पासून जैवतंत्राने निर्मिलेले वृद्धी संप्रेरक उपलब्ध आहे व त्याने उंची वाढविता येते. मात्र हाडांची टोके जुळून येण्यापूर्वीच उपचार सुरू व्हावयास हवा. म्हणून मुंबईतील प्रयोगशाळेइतकेच महत्त्व शिर्डी-राहात्याकडील एखाद्या शाळेत दरवर्षी नियमाने केलेल्या उंचीच्या नोंदीस आहे. ‘घराण्यातच ठेंगणेपणा आहे’ या वाक्यापाशी चौकशी थांबली, तर उपचाराचा काळ निघून जातो. घराण्यातील ठेंगणेपणा हेच चौकशीचे पहिले कारण मानले पाहिजे.