तिसऱ्या आणि तीन महिन्यांची सबुरी



बाजारांत कोळणीच्या टोपलींत तिसऱ्या दिसल्या, कीं आपण “वाटा कसा दिलास?” एवढेंच विचारतों. “या इतक्या लहान कां?” असें मात्र कोणी विचारीत नाहीं. आज मला या दुसऱ्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

प्रथम या प्राण्याची राहणी पाहूं. खाडीच्या रेतींत तो स्वतःस पुरून घेतो आणि दोन नळ्या वर काढून बसतो. एका नळीनें पाणी आंत येतें. त्यांतील सूक्ष्म वनस्पति कल्ल्यांवर गाळल्या जातात आणि निवळलेलें पाणी दुसऱ्या नळीनें बाहेर पडतें. नर व मादी आपापलें बीज पाण्यांतच सोडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या कांहीं दिवस पोहतात आणि मग तळाशीं स्थिर होतात. असा बैठा प्राणी गोळा करणें जितकें सोपें, तितकेंच त्याचें निर्मूलन करणेंहि सोपें.

याचा अनुभव केरळांत आला. कोल्लमजवळचें अष्टमुडी सरोवर आठ फांट्यांनीं पसरलेलें असून नीण्डकरा येथें तें अरबी समुद्रास मिळतें. आपल्या तिसऱ्यांच्याच कुळांतील ‘पूवन कक्का’ तेथें विपुल. व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया या देशांतून मागणी वाढली आणि १९९१ मध्यें उत्पन्न १०,००० टनांवर गेलें. पुढें दोनच वर्षांत तें निम्म्यावर आलें!

केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था ही १९४७ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या शास्त्रज्ञांनीं या प्राण्याची वाढ व प्रजननकाल अभ्यासिला. त्यावरून नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा भर. त्या काळांत शिंपले काढूं नयेत. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राची रुंदी, ३० मिलिमीटरहून कमी नसावी. म्हणजे लहान शिंपले गळून पुन्हा रेतींत पडतात. यंत्रानें तळ खरवडूं नये. फार लहान माल परदेशीं पाठवूं नये. हातावर पोट असलेल्यांस तीन महिन्यांची सबुरी सोपी नव्हे. परंतु शेतकरी दुष्काळांतहि बियाण्याची कणगी फोडीत नाहीं. लवकरच उत्पन्न पूर्वपदावर आलें, आणि २०१४ साली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचें प्रमाणपत्र अष्टमुडीस मिळालें. भारतांतील मासेमारीस मिळालेलें तें पहिलेंच.

तथापि निसर्गाशीं केलेला करार एकदांच करून भागत नाहीं. पुढें अमेरिकेकडील ‘चारु’ नांवाच्या परक्या शिंपल्यानें या सरोवरांत ठाण मांडलें. देशी शिंपला पुन्हा रोडावला, आणि संस्थेस उबवणकेंद्रांत वाढविलेलें बीज सरोवरांत सोडावें लागलें.

नियम सरकार करतें, पाळतो तो मच्छीमार. पण त्यास बळ देतो तो गिऱ्हाईक. नखाएवढ्या तिसऱ्यांचा वाटा आपण परत केला, तर पुढच्या फेरीस कोळीण तो आणणार नाहीं. तेवढें तरी आपल्या हातीं आहे.