ओढ्याच्या पाण्यावर गावाची वीज

नेपाळच्या डोंगराळ गावांत पाण्यावर धान्य दळणाऱ्या चक्क्या पिढ्यान्‌पिढ्या फिरत आल्या आहेत. त्याच पाण्यावर जनित्र फिरवलं की गावाला वीज मिळते. त्यासाठी धरण लागत नाही, बारमाही ओढा आणि चांगला उतार पुरतो.

आधी हिशेब करायचा. सेकंदाला 50 लिटर पाणी 50 मीटर खाली येत असेल, तर कागदावर साडेचोवीस किलोवॅट होतात. पाइप, टर्बाइन आणि जनित्र यांत निम्मी वीज गेली असं धरावं. उरलेल्या बारा किलोवॅटमध्ये शंभर घरांचे दिवे आणि टीव्ही चालतात. मात्र पाणी मोजायचं ते कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात मोजलेला ओढा हमखास फसवतो.

ओढ्याला छोटा बांध घालून पाणी पाटाने डोंगराच्या कडेकडेने नेतात. वाटेतल्या टाकीत वाळू खाली बसू देतात, कारण वाळू टर्बाइनची पाती खाते. पुढे जाळी लावलेला हौद आणि तिथून सरळ खाली पाइप.

खरी मेख वीजघरात आहे. रात्री गाव झोपलं की मागणी घटते, पण पाणी तेवढंच येत राहतं. टर्बाइन सुसाट सुटतं, विजेचा दाब चढतो, बल्ब उडतात. पाणी कमीजास्त करणारी यंत्रणा महाग पडते, म्हणून इथे इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर बसवतात. गावाने न वापरलेली वीज तो क्षणात पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो. जनित्राला भार कायम तेवढाच वाटतो. फुकट पाणी तापवणं खुळेपणाचं दिसेल, पण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

संध्याकाळी उलटी अडचण. सगळ्यांनी एकदम राइस कुकर लावले, तर जास्तीची वीज आणणार कुठून? म्हणून प्रत्येक घराला ठरावीक मर्यादेचा कटआउट असतो आणि पिठाची गिरणी दिवसाच चालते. दर ठरवणं, चालकाचा पगार देणं, पाट साफ करायला माणसं लावणं ही कामं वापरकर्त्यांची समिती पाहते. माझ्या मते समिती ढिली पडली की उत्तम टर्बाइनही गंजतं.

बागलुंग जिल्ह्यात 2011 मध्ये असे सहा प्रकल्प 11 केव्हीच्या तारेने एकमेकांना जोडले. सगळे मिळून 107 किलोवॅट. आता राष्ट्रीय ग्रिड डोंगरात चढते आहे आणि ती आली की गावाचं वीजघर बंद पडण्याची भीती असते. पण नुवाकोट जिल्ह्यातला स्याउरेभूमीचा 23 किलोवॅटचा प्रकल्प 2018 मध्ये त्याच ग्रिडला जोडला गेला.