मणक्यातली चुंबळ

कोकणातल्या हर्णेच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सकाळी भरतो आणि पुन्हा उन्हं कलल्यावर. मोठ्या नौका सुवर्णदुर्गाच्या आसपास खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. तिथून छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी माल वाळूवर उतरतो, आणि पुढचा बराचसा प्रवास माणसाच्या अंगावर होतो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मासळीची पाटी, पाटीतून ठिबकणारं बर्फाचं पाणी आणि पायाखाली खचणारी ओली वाळू. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्याला पीळ देऊन केलेलं वेटोळं. ओझं एका जागी टोचू न देता ते चहूकडे पसरवायचं आणि पावलागणिक बसणारा हिसका खायचा, एवढंच तिचं काम. दबून चपटी झाली की ती झटकून पुन्हा वळता येते. पाटी वाहणाऱ्या त्याच बाईच्या पाठीच्या कण्यात, मणक्यामणक्यांच्या मध्ये, अशाच 23 चुंबळी असतात. त्या एकदा चपट्या झाल्या की पुन्हा वळता येत नाहीत. अतिओझ्याने झिजल्या म्हणून, असं उत्तर कुणीही देईल. हाडही ओझ्याने मोडतं, पण ते जुळून येतं. कातडी कापली तर भरून येते. मग ही एवढीशी गादीच का दुरुस्त होत नाही?

‘मणक्यात गॅप पडलाय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, आणि गंमत अशी की घडतं नेमकं उलटं: मधे जागा होती ती कमी होते. दोन मणक्यांमधली ही चकती बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या तंतूंच्या कड्यांनी बांधलेली आणि आतून मऊ, बुळबुळीत गराची असते. तरुणपणी या गराचा सुमारे 80 टक्के भाग पाणीच असतो. ते धरून ठेवतात साखरेच्या साखळ्यांनी लगडलेली मोठाली प्रथिनं, आणि ती प्रथिनं घडवायची, जुनी झाली की काढून टाकायची, हे काम गरातल्या मोजक्या पेशी जन्मभर करत असतात. त्यांची अवस्था मात्र बिकट. चकती हा आपल्या शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सर्वांत मोठा भाग. तिथल्या पेशींना अन्न आणि प्राणवायू मिळतो तो मणक्याच्या टोकावरच्या पातळ कूर्चेतून जेवढा झिरपेल तेवढाच. त्यात आणखी एक भर. आईच्या पोटात ज्या पृष्ठरज्जूभोवती कणा घडतो, त्याच्या मूळच्या पेशी या गरात उरलेल्या असतात. पण माणसात त्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमाराला जवळपास दिसेनाशा होतात. म्हणजे घर बांधणारे गवंडी लहानपणीच निघून जातात आणि पुढची साठ-सत्तर वर्षं डागडुजी दुसऱ्यांनी सांभाळायची असते.

आता ओझ्याकडे येऊ. ओझं वाहिल्याने चकत्या झिजतात हे इतकं उघड वाटतं की ते तपासून बघावं असं फार काळ कुणाला वाटलंच नसावं. फिनलंडमधल्या पुरुषांच्या 115 एकसारख्या जुळ्या जोड्यांच्या कण्यांचा एमआरआय काढून केलेला अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला आणि या समजाला तडा गेला. कमरेच्या वरच्या चकत्यांच्या झिजेत माणसामाणसांत जो फरक आढळला, त्यातल्या जेमतेम 7 टक्के फरकाचा उलगडा शारीरिक कष्टांनी होत होता. वय धरलं तर 16 टक्के. आणि एका घरात जन्मल्याचा परिणाम धरला की आकडा एकदम 77वर गेला. पुढे 1999 साली फिनलंडमध्येच सायटिकाच्या काही रुग्णांत एका विशिष्ट कोलॅजेनच्या जनुकात बदल सापडला: प्रथिनाच्या लांबलचक साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल जाऊन दुसरं आलेलं. कमरेचं दुखणं रक्तात असतं असं म्हणायला हा भक्कम पुरावा वाटावा. पण तोच बदल दक्षिण चीनमधल्या लोकांत तपासला तेव्हा तो दर पाचांतल्या एकात निघाला. पाचांतला एक माणूस काही सायटिकाने आडवा झालेला नव्हता.

तेव्हा या जुळ्यांच्या आकड्यांचा अर्थ लावताना सावध राहायला हवं, कारण त्यांचा सोयीस्कर अर्थ लावणारे पुष्कळ असतात. कमरेचं दुखणं वारशानेच येत असेल तर धक्का कशाला, क्रेन कशाला, पाट्यांचं वजन तरी कशाला कमी करायचं, असा युक्तिवाद उद्या कुणी केला तर त्याला उत्तर आहे. आनुवंशिकतेची टक्केवारी सांगते ती माणसामाणसांतल्या फरकाबद्दल. ज्या किनाऱ्यावर सगळ्याच बायका वर्षानुवर्षं पाट्या वाहतात, तिथे ओझं सगळ्यांना सारखंच. म्हणून फरकाच्या हिशेबात ते दिसणारच नाही आणि जो फरक उरेल तो वारशाच्या खात्यावर जमा होईल. गावातल्या सगळ्याच भिंतींना खारा वारा लागत असेल तर कुठली आधी पोपडली हे विटेवरून ठरतं, पण म्हणून खाऱ्या वाऱ्याने भिंत पोपडत नाही असं कुणी म्हणत नाही. शिवाय कमरेच्या अगदी खालच्या, म्हणजे सर्वांत जास्त दुखणाऱ्या चकत्यांमध्ये कुटुंब धरूनही उलगडा झाला तो 43 टक्क्यांचाच. आणि एमआरआयमध्ये दिसणारी झीज आणि माणसाला होणारी वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी 37 टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्यांपैकी 96 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून 2015 साली काढलेले आकडे सांगतात. रिपोर्ट वाचून घाबरणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

ओझं आणि वारसा या दोन्हींच्या मधे काहीतरी आहे, आणि ते काय असावं याचा एक चांगला धागा पुण्यात सापडला. आघारकर संशोधन संस्था मूळची 1946 सालची. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्म मालवणचा, म्हणजे माणूस कोकणातलाच. तिथे चिन्मॉय पात्रा यांच्या गटाने अमेय रायरीकर आणि इतर सहकाऱ्यांसह झेब्राफिशच्या मणक्यांवर केलेलं काम 2023 साली ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आलं. हा मासा हर्णेच्या लिलावात कधी दिसायचा नाही. तो गोड्या पाण्यातला, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला, मूळचा आपल्याच उपखंडातला. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांच्या पुस्तकात त्याची नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, हे 2002 साली दिसलं. आणि माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांची जोडी त्याच्याकडे सापडते. पुण्याच्या गटाने त्याच्यातल्या सीसीएन2ए या जनुकावर बोट ठेवलं. हे जनुक निकामी केलेल्या माशांचा कणा घडताना काहीच बिघडलं नाही, चकत्या व्यवस्थित तयार झाल्या. बिघडलं ते पुढे, मासा वयात आल्यावर: पेशी नव्याने तयार होणं मंदावलं, मरणं वाढलं आणि चकत्या ढासळल्या. उलट, म्हाताऱ्या निरोगी माशांत या जनुकाचं प्रथिन वाढवलं तेव्हा झिजलेल्या चकत्या सावरू लागल्या.

यातली पहिली अर्धी गोष्ट मला दुसरीपेक्षा मोलाची वाटते. बातम्यांत झळकली ती दुसरी, साहजिकच. पण जनुक म्हणजे शरीराचा नकाशा, नकाशात चूक असेल तर इमारत वाकडी, हे जे चित्र शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं आहे, ते इथे चालत नाही. इमारत सरळच उभी राहिली होती. हर्णे आणि शेजारच्या पाजपंढरीत हे समजावून सांगावं लागू नये. नौका एकदा बांधली की झालं असं तिथे कुणी मानत नाही. 1 जूनला मासेमारी बंद झाली की नौका किनाऱ्यावर ओढायच्या, शाकारायच्या, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, तेल-रंग द्यायचा. दोन पावसाळे हे चुकवलं तर उत्तम सुताराने बांधलेली नौकासुद्धा पाणी घेते. सीसीएन2ए हे जनुक सुताराचं नव्हे, या राखणीचं. ते राखण करतं निरोप पाठवून. त्याचं प्रथिन पेशीबाहेर सोडलं जातं, मग एफजीएफआर1 या ग्राहीमार्फत चालणारी संदेशांची साखळी जोर धरते, आणि पुढे सॉनिक हेजहॉग नावाचा आणखी एक निरोप निघतो. (हे नाव खरोखरच व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून पडलंय; शास्त्रज्ञ नावं ठेवताना कधीकधी बारशाला आलेल्या आत्यांसारखे वागतात.) निरोप पोचला की बाहेरच्या कड्यातल्या पेशी विभागू लागतात आणि आतल्या गरातल्या पेशींचं मरणं थांबतं. एकच सांगावा, ऐकणारे दोघे, आणि दोघांनी केलेली कामं वेगळी.

इथे एक रास्त शंका निघते: मग हे प्रथिन माणसाच्या मणक्यात टोचून मोकळं का होत नाही? याचं उत्तर फुप्फुसात आहे. माणसातल्या याच सीसीएन2 ची ओळख डॉक्टरांना आधी झाली ती शत्रू म्हणून. फुप्फुसात, यकृतात, मूत्रपिंडात ते वाढलं की तंतूंचं रान माजतं आणि मऊ ऊतीच्या जागी निबर व्रण तयार होतो. फुप्फुसं अशी कडक होत जाण्याच्या आजारावर सीसीएन2 ला अडवणारं पामरेव्हलुमॅब हे औषध तयार झालं होतं. 2023 सालीच त्याची मोठी चाचणी अपयशी ठरली. एकाच वर्षी एका निरोपाबद्दल पुण्यातून एक बातमी आली की तो वाढवल्याने माशाचा मणका सावरतो, आणि दुसरीकडून आली की तो अडवूनही माणसाचं फुप्फुस वाचत नाही. झेब्राफिशच्या तुटलेल्या मज्जारज्जूत मात्र याच जनुकामुळे दोन टोकांमध्ये पेशींचा पूल बांधला जातो, हे 2016 साली दिसलं होतं. जनुक चांगलं की वाईट हा प्रश्नच फसवा आहे. निरोप कुठे पोचला, कधी, आणि ऐकणारी पेशी कुठल्या अवस्थेत होती, यावर व्रण होणार की दुरुस्ती हे ठरतं.

मणक्याच्याच बाबतीत याचा अनुभव वैद्यकाने महागात घेतलेला आहे. हाड वाढवणारं बीएमपी-2 हे प्रथिन मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत 2002 साली मंजूर झालं. कमरेसाठी ते कामाचं होतं. मग डॉक्टरांनी ते मानेतही वापरायला सुरुवात केली, आणि 2008 साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, कारण मानेला सूज येऊन काही रुग्णांचा श्वास कोंडत होता. प्रथिन तेच, जागा थोडी वर. हेजहॉगचंही तसंच. तो संदेश गर्भात अडला तर काय होतं हे अमेरिकेतल्या आयडाहोच्या मेंढपाळांनी पाहिलं: एक रानटी वनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं झाली. आणि मोठ्या माणसात तो नको तिथे सतत चालू राहिला तर कातडीचा कर्करोग होतो. दुरुस्तीचा निरोप आणि गाठीचा निरोप यांच्यात अंतर फार थोडं आहे. ‘स्टेम सेलने मणक्याची गादी नवी’ अशा जाहिराती वाचताना हे आठवावं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचे उपचार अजून संशोधनातच मोडतात.

मासा उभा राहत नाही, त्याच्या पाठीवर पाटी नसते, तेव्हा त्याच्यावरून माणसाबद्दल काय बोलणार, हा आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही. माशाची चकती इवलीशी, तिला अन्न पोचायला अंतर थोडं. माणसाच्या चकतीच्या गाभ्यातली पेशी उपाशीच. अशा पेशीला ‘वाढ’ म्हणून ओरडून सांगितलं तर ती वाढेल कशाच्या जोरावर? म्हणून पुण्याचं काम उद्याचं इंजेक्शन आहे असं मी म्हणणार नाही. पण जनुक न बदलता नुसता निरोप सावरून रोग हाताळता येतो, याचं उदाहरण माणसात आहे. एफजीएफआर1च्या सख्ख्या भावंडात, एफजीएफआर3मध्ये, एका अक्षराची चूक झाली की हाडांच्या वाढीला लागणारा ब्रेक सुटतच नाही आणि मूल ठेंगणं राहतं. पाचांतली चार मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी येतात, घराण्यात कुणी नसताना. 2021 साली मंजूर झालेलं व्होसोरिटाइड ती चूक दुरुस्त करत नाही. दुसऱ्याच दाराने पेशीत शिरून ब्रेकवरचा पाय हलका करतं. रोज टोचावं लागतं आणि भयंकर महाग आहे, पण मुलं वाढतात.

माणसाच्या चकतीसाठी असं दार सापडेपर्यंत तिची राखण होते ती एकाच वेळी, माणूस आडवा झाल्यावर. दिवसभराच्या भाराने गरातलं पाणी पिळून निघतं आणि संध्याकाळपर्यंत माणसाची उंची सुमारे एक टक्क्याने कमी होते. रात्री झोपेत चकत्या पाणी पिऊन पुन्हा फुगतात. त्यामुळे पहाटे त्या सर्वांत टंच आणि ताठर असतात आणि तेव्हा कमरेतून वाकलं तर त्यांच्यावर येणारा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना उठल्यावर पहिले दोन तास वाकायचं नाही एवढंच शिकवलं होतं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. सकाळच्या लिलावात हर्णेला मासळीचे ढीग वाळूवर, जमिनीच्या पातळीलाच मांडलेले असतात.