कळस नसलेले देऊळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पनवेलहून तळोज्यावरून निघाले की तीस-पस्तीस किलोमीटरवर अंबरनाथ येते. तिथले शिवमंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते, निदान महाशिवरात्रीच्या रांगेतून तरी. रांगेत उभे राहून कंटाळलेला माणूस वर पाहतो आणि हमखास एक प्रश्न विचारतो : एवढे सुंदर देऊळ, मग सरकार त्याचे शिखर पुरे का करत नाही? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तितके साधे नाही, कारण ते देताना जुनी देवळे कशी उभी राहतात आणि कशी पडतात, हे सांगावे लागते.

आधी थोडी ओळख. मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतल्या बाजूने एक शिलालेख आहे. त्यातला शक सुरुवातीला 782 असा वाचला गेला होता. पुढे तो 982, म्हणजे इ. स. 1060, असल्याचे ठरले. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले! लेखात नाव आहे ते उत्तर कोकणच्या शिलाहार राजाचे, मुम्मुणीचे. काम त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झाले असावे, असे अभ्यासक मानतात. या शिलाहारांचे राज्य आपल्या अगदी अंगणातले. उरणजवळ चांजे गावीही त्यांचे शिलालेख मिळाले आहेत.

काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण त्याला ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा प्रधान, तेराव्या शतकातला. अंबरनाथचे देऊळ उभे राहिले तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. या देवळाची शैली ‘भूमिज’. माळव्यात परमार राजांनी ती भरभराटीला आणली. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर आणि आपल्याकडे सिन्नरचे गोंदेश्वर ही तिची चांगली उदाहरणे. भूमिज शिखराच्या चारही बाजूंना मधोमध तळापासून माथ्यापर्यंत एक सलग पट्टी जाते. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या माळा एकावर एक रचलेल्या असतात, वर जाताना आकाराने लहान होत जाणाऱ्या. गोंदेश्वर पाहिले की अंबरनाथला काय असायला हवे होते, याची कल्पना येते. अंबरनाथला शिखराचा खालचा भाग तेवढा दिसतो. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले आणि मान वर केली की थेट आकाश दिसते.

आता बांधणीची मेख. या देवळात दगड एकावर एक बसवले आहेत ते चुन्याच्या जोरावर नव्हे, तर घडाईच्या आणि वजनाच्या जोरावर. छत बांधताना प्रत्येक थराचा दगड खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा, असे करत चारही बाजू मध्यावर आणायच्या. आत सरकलेला दगड खाली कोसळत नाही, कारण त्याच्या मागच्या टोकावर वरच्या थरांचा भार असतो. म्हणजे वरचे वजन हाच खालच्याचा आधार. म्हणूनच अशा इमारतीतला एक दगड निखळला की त्याच्या शेजारच्यांचा तोल जातो. आणि दगड निखळायला भूकंपच लागतो असे नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी सांध्यात पडते, कोकणातला पाऊस त्याला पाणी घालतो, मुळे जाडजूड होतात आणि दोन दगड हळूहळू दूर ढकलतात. सांधा उघडला की पाणी आत शिरते. आपला काळा दगड टणक खरा, पण सर्वत्र सारखा नाही. त्यात जागोजाग पांढरी, मऊ खनिजे भरलेल्या पोकळ्या असतात. तिथून तो झिजायला लागतो आणि मूर्तीचे नाक-डोळे आधी जातात.

मग सिमेंटने फटी बुजवल्या तर? अनेक ठिकाणी हे झाले आहे आणि तोटाच झाला आहे. सिमेंट ताठर असते, दगडाबरोबर हलत नाही. शिवाय आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट ते बंद करते, आणि त्यातले क्षार दगडात उतरतात. म्हणून जाणकार मंडळी जुन्या पद्धतीचा, गूळ, हिरडा, बेलफळ घातलेला चुना वापरतात. ऑइल पेंटचेही तेच. गावकरी भक्तिभावाने खांब चकचकीत रंगवतात आणि ओलावा आत कोंडला जातो.

शिखराच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला जरा लांब, जावा बेटावर जाऊ. प्रांबानन येथे नवव्या शतकातली शिव, ब्रह्मा, विष्णूंची देवळे आहेत. शतकानुशतके ती ढिगाऱ्याच्या रूपात पडून होती. डच अमदानीत 1918 पासून त्यांच्या कामाला चालना मिळाली आणि 47 मीटर उंचीचे मुख्य शिवमंदिर पुन्हा उभे राहिले ते इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर, 1953 साली. काम चालले ते एखादे प्रचंड कोडे जुळवावे तसे : कोणता दगड कुठला, हे ओळखून तो जागच्या जागी बसवायचा. तिथे एक नियम ठरला. मूळचे किमान पंचाहत्तर टक्के दगड हाती असतील तरच देऊळ उभारायचे. जो दगड सापडत नाही, त्याच्या जागी नवा बसवायचा, पण कोरीवकाम न करता साधा, म्हणजे पाहणाऱ्याला जुने-नवे कळावे. या आवारात मूळची 240 देवळे होती. बहुतेक आजही ढिगाऱ्याच्या रूपातच आहेत आणि तशीच ठेवली आहेत.

हा नियम अंबरनाथला लावून पाहा. शिखराचे बहुतेक दगड आज हाती नाहीत. ते पडले, की शिखर पुरतेच झाले नव्हते, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. अशा वेळी वर जे बांधू ते आपल्या कल्पनेतले असेल, शिलाहारांच्या कारागिरांचे नव्हे. शिवाय साडेनऊशे वर्षे उभ्या असलेल्या भिंतींवर शेकडो टन नवे ओझे चढेल. केंद्रीय पुरातत्त्व विभाग ते करत नाही, आणि माझ्या मते योग्यच करतो.

व्हिएतनाममध्ये मी सोन नावाचे ठिकाण आहे. चंपाच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरे. त्यातले सर्वांत भव्य मंदिर 1969 साली अमेरिकी बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाले. ते कसे होते हे आज आपल्याला कळते, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी आंरी पार्मांतिये या फ्रेंच अभ्यासकाने त्याची मोजमापे आणि रेखाचित्रे करून ठेवली होती. याच मी सोनमध्ये आपल्या पुरातत्त्व विभागाने 2017 पासून काही मंदिरांचे जतन केले. 2020 मध्ये त्या कामात अखंड दगडाचे एक सुंदर शिवलिंग जमिनीतून वर आले. आपला अनुभव सगळीकडे इतका सुखाचा नाही. कंबोडियातील अंकोर वाट येथे 1986 ते 1993 या काळात आपल्या पथकाने काम केले, तेव्हा दगडांवरचे शेवाळ रसायनांनी धुतल्याबद्दल बरीच टीका झाली होती.

रेखाचित्रांच्या बाबतीत अंबरनाथ भाग्यवान. 1868 साली मुंबई सरकारने इथली मोजमापे, चित्रे आणि मूर्तींचे साचे करवून घेतले. आज एखादी मूर्ती किती झिजली हे पाहायचे तर त्यांचा आधार आहे. (हे देऊळ ‘युनेस्को’च्या यादीत असल्याचे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. जागतिक वारसा यादीत ते नाही. नसल्याने त्याचे काही अडतही नाही.) अडते आहे ते शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीच्या सांडपाण्याने आणि चहूबाजूंनी दाटत आलेल्या वस्तीने. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीची अट, असा कायदा 2010 सालच्या दुरुस्तीने कडक झाला. पण तो केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूंपुरता.

पनवेल तालुक्यातल्या आपल्या ग्रामदेवतांच्या देवळांना त्याचे कवच नाही. लाकडी खांबांचे, कौलारू सभामंडपाचे देऊळ पाडून आर.सी.सी.चे, टाइल्स लावलेले देऊळ बांधणे म्हणजे ‘जीर्णोद्धार’, असे आता समीकरणच झाले आहे. जमिनीचा मोबदला हाती आला की पहिला खर्च देवळावर होतो. त्यामागची श्रद्धा खरी असते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. विमानतळासाठी दहा गावे हलली तेव्हा तर देवळांचा प्रश्न अटळच होता. पण पाडण्यापूर्वी एक दिवस काढून देवळाची लांबी-रुंदी मोजावी, खांब, तुळया, पायथ्याचे दगड यांचे सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत, अक्षरे दिसली तर ती तिरप्या उजेडात टिपावीत. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पाराखाली पडलेला वीरगळ किंवा गाढवाचे चित्र कोरलेला गधेगाळ पायरीला वापरू नये. ‘खंडित’ म्हणून मूर्ती तळ्यात सोडू नये. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला एक पत्र टाकावे. आणि पाया खणताना काही मिळाले तर 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे : दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू जमिनीत सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.