फाळक्यांनी न काढलेली तेहतीस हजार चित्रं

मुरबाड-शहापूरकडे हळदीच्या रात्री मांडवात कॅमेऱ्यांना तोटा नसतो. शूटिंगवाल्याचा कॅमेरा बहुधा सेकंदाला २५ चित्रं टिपतो, भावकीच्या हातातले मोबाइल ३०. दोन्हीकडचं चित्रण एकत्र जोडायला बसलं की हा पाचाचा फरक जागा होतो. तासाभरात मोबाइलची १,०८,००० चित्रं होतात, कॅमेऱ्याची ९०,०००. वेळ तेवढीच ठेवायची तर मोबाइलची १८,००० चित्रं गाळावी लागतात, दर सहांतलं एक. बेंजोच्या ठेक्यावर गिरकी घेणारी करवली मग पडद्यावर सेकंदाला पाच वेळा किंचित अडखळते. एकही चित्र न गाळता सगळी २५च्या चालीने दाखवली, तर तासाची हळद ७२ मिनिटांची होते आणि नाच गळपटतो.

हा २५चा आकडा विजेवरून आला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. प्रत्येक चित्राला १/५० सेकंद उजेड मिळाला की त्यात बरोबर दोन लाटा मावतात. मोबाइल १/६० सेकंदावर असला तर पावणेदोनपेक्षाही कमी मावतात आणि चित्रावरून काळपट पट्टे सरकू लागतात.

वेग बदलताना प्रत्येक चित्राचं काय करायचं हे ठरवावं लागतं: ठेवायचं, गाळायचं, पुन्हा दाखवायचं की नवं रचायचं. त्यातलं हे ‘रचणं’ मला सगळ्यात गंभीर वाटतं.

पावसाळ्यात कौलारू घराच्या पागोळीकडे पाहा. दहा फुटांवरून सुटलेला थेंब, हवेचा अडथळा सोडला तर, ०.७९ सेकंदात जमिनीवर येतो. २५च्या कॅमेऱ्याला तो जेमतेम वीस वेळा दिसतो आणि शेवटी शेवटी दोन चित्रांच्या मध्ये तब्बल फूटभर अंतर कापून जातो. त्या फूटभरात तो कुठे कुठे होता, लांबट होता की चपटा, याची कुठेही नोंद नाही. मोबाइलच्या २४०च्या स्लो मोशनमध्ये तोच थेंब १८९ वेळा टिपला जातो, शेवटचं अंतर तीन सेंटिमीटरवर येतं आणि पाऊण सेकंदाची घटना २५च्या चालीने साडेसात सेकंद चालते. हा संथपणा खरा. २५वर टिपलेली क्लिप दसपट लांबवली, तर दर दहातली नऊ चित्रं एकतर जुन्याचीच नक्कल असतात किंवा संगणकाने अंदाजाने काढलेली.

उलट्या दिशेचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात १९१२ सालीच झाला. लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभराहून जास्त काळ त्याची वाढ टिपली आणि ती साधारण मिनिटभरात दाखवली. चित्रपटासाठी भांडवलदाराला पटवायला हा वेल उपयोगी पडला. महिन्याची मिनिटं ४३,२००, म्हणजे काळ तेवढ्या पटीने आवळला. सेकंदाला १६ चित्रं धरली तर मिनिटाला ९६० लागतात. सारखी वाटली तर दर पाऊण तासाला एक. याच अंतराने मुरबाडचा एखादा भाताचा तुकडा राबातल्या पेरणीपासून कापणीपर्यंत चार महिने टिपला, तर ३,८४० चित्रं होतील आणि २५च्या चालीने सगळा हंगाम अडीच मिनिटांत उरकेल.

पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ चित्रं, म्हणजे एकूण ५९,२००. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. बहुतेक यंत्रांत एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. त्या चालीने चित्रपट ६१ मिनिटं ४० सेकंदांचा. पुढे बोलपटांनी २४चा वेग पक्का केला. त्या वेगाने तीच फिल्म ४१ मिनिटांत संपते आणि माणसं लगबगीने पळतात. पुस्तकांत या चित्रपटाची लांबी बहुधा ४० मिनिटं दिलेली असते, ती या दुसऱ्या हिशेबाशी जुळते. फूट तेवढेच, चित्रं तेवढीच, तरी वीस मिनिटं गायब!

सेकंदाला १६ची चाल राखून तो चित्रपट २५वर न्यायचा तर ९२,५०० चित्रं हवीत. फाळक्यांनी न काढलेली ३३,३०० चित्रं मध्ये घालावी लागतात. हल्लीच्या हौसेप्रमाणे ६०वर नेला तर १,६२,८००, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट. डोळ्यांना ते गुळगुळीत, सुंदर दिसेल. पण त्याला जुनी फिल्म ‘सुधारली’ म्हणणं मला मान्य नाही.

घरोघरच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटचा प्रश्न याच्या उलट आहे: तिथे चित्रं वाढत नाहीत, गळतात. आपल्याकडच्या कॅसेटवर सेकंदाला २५ अख्खी चित्रं नसतात. ओळीआड ओळ घेऊन टिपलेली ५० अर्धी असतात आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या लग्नात त्यातलं प्रत्येक वेगळ्या क्षणाचं. तासाला १,८०,००० क्षण. दुकानदाराने निम्म्या ओळी टाकून घाईत २५ची फाइल करून दिली, तर त्यातले ९०,००० जातात. कॅसेट द्यायला जाल तेव्हा ५०ची फाइल मागा आणि फाइल तपासून होईपर्यंत कॅसेट टाकू नका.